कापसाचं गाठोडं, पाण्याची घागर आणि अ‍ॅनिमेशनमधलं वजन

पडद्यावरच्या पात्राला वजन नसतं. ते आहे असं पाहणाऱ्याला वाटायला लावणं, हे कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनचं निम्मं काम. नवशिक्यांची पात्रं इथंच फसतात. चेहरा छान, कपडे छान, पण पाऊल उचललं की पात्र जमिनीवरून घसरत चाललंय असं दिसतं. बहुतेकदा कारण साधं असतं: चाल माणसाची न पाहता दुसऱ्या कार्टूनची उचललेली असते.

अ‍ॅनिमेशनची प्रसिद्ध १२ तत्त्वं डिस्ने स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात मांडली. ती मुळात घडली १९३० च्या दशकात, माणसं आणि प्राणी कसे हलतात हे पाहता पाहता. याच स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५० च्या दशकात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे अ‍ॅनिमेटर त्यांच्या हाताखाली तयार झाले. म्हणजे ही विद्या मुंबईपर्यंत केव्हाच पोचली आहे. ती अमरावती-अकोल्यात शिकायची तर नमुने बाहेरून मागवावे लागत नाहीत.

कापसाच्या हंगामात शेतातून घरी येणारी बाई पाहावी. डोक्यावरचं गाठोडं तिच्या खांद्यांहून रुंद असतं, पण आकाराच्या मानाने हलकं. पाऊल टेकलं की ते किंचित दबतं आणि पुन्हा फुगतं. हाच ‘स्क्वॉश अँड स्ट्रेच’: आकार बदलतो, घनफळ तेवढंच राहतं. आता पाण्याने भरलेली घागर घेतलेली बाई पाहा. घागर गाठोड्यापेक्षा कितीतरी लहान, पण मान ताठ, पावलं आखूड, गुडघे थोडे वाकलेले आणि डोकं जवळजवळ एका सरळ रेषेत पुढे सरकणारं. चित्रात गाठोडं मोठं काढून ते जड वाटत नाही. जड वाटतं ते शरीराने त्याला दिलेल्या उत्तरामुळे.

वेचणीतही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. एका हाताने बोंडातला कापूस ओढला जात असताना दुसरा हात पुढच्या बोंडाकडे निघालेला असतो. दोन्ही हात एकदम थांबत नाहीत. कमरेची ओटी भरत जाते तशी उभं राहताना पाठ मागे झुकते. सकाळची आणि दुपारची बाई एकाच पोझमध्ये काढली, तर चित्र खोटं पडतं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला गांधीग्रामच्या पूर्णा नदीचं पाणी कावडीने पायी आणलं जातं. अंतर सुमारे १८ किलोमीटर. मोठ्या मंडळांच्या कावडींना शेकडो भरणे असतात, पण अभ्यासाला दोन भरण्यांची साधी कावडच बरी. खांदा आधी खाली जातो, मग बांबू वाकतो, त्यानंतर भरणे झुलतात. माणूस थांबला तरी भरणे लगेच थांबत नाहीत. ‘फॉलो थ्रू’ समजवायला याहून सोपं उदाहरण सापडणं कठीण.

उडीआधीची तयारी, म्हणजे ‘अँटिसिपेशन’, पाहायची असेल तर मल्लखांब. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं तिथे दाखवली होती. खांबावर झेप घेण्याआधी खेळाडू खाली दबतो. तो दबण्याचा क्षण चित्रातून गाळला, तर उडी दोरीने वर ओढल्यासारखी दिसते.

अभ्यासाला साधा मोबाइल पुरतो. विचारून, परवानगी घेऊन चित्रण करावं. बाजूने, थोडं लांबून, पाय फ्रेममध्ये येतील असं. मग एका टाचेच्या टेकण्यापासून दुसऱ्या टाचेच्या टेकण्यापर्यंत फ्रेम मोजाव्यात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर साध्या चालीतलं एक पाऊल साधारण १२ फ्रेमचं असतं. मोबाइलवर ३० फ्रेमने चित्रण केलं असेल तर तेच १५ भरेल. डोकं, कंबर आणि टाच यांवर ठिपके देऊन ते जोडले की रेषा वळणदार येते. त्या वळणांना ‘आर्क’ म्हणतात.

इथे एक मोह होतो: व्हिडिओ थेट गिरवून काढण्याचा. मॅक्स फ्लायशर यांचं रोटोस्कोप यंत्र शंभर वर्षांपूर्वी हेच करत होतं. ‘स्नो व्हाइट’साठी (१९३७) डिस्नेनेही जिवंत नटांचं चित्रण केलं, पण जसंच्या तसं गिरवलेलं पात्र अवघडल्यासारखं दिसतं हे तिथल्या अ‍ॅनिमेटरना कळून चुकलं. म्हणून फ्रेम मोजून झाल्या की व्हिडिओ बंद करावा आणि चाल आठवून काढावी. काढताना दबणं थोडं जास्त दाखवावं, भरण्यांचा झोका एखाद-दोन फ्रेम लांबवावा. त्यानंतरच व्हिडिओ पुन्हा उघडून पडताळावं, आणि पहिली नजर टाचांवर टाकावी. घसरण तिथेच पकडली जाते.