चंद्रावर हरवलेला आरसा

१९७० च्या नोव्हेंबरांत सोव्हिएत रशियाची 'लुनोखोद १' ही गाडी चंद्रावर उतरली. आलेला प्रकाश आल्या वाटेनें परत धाडणारा फ्रेंच बनावटीचा आरसा तिच्यावर बसविलेला होता. पुढल्या वर्षीं सप्टेंबरांत गाडी मूक झाली, आणि तिचें नेमकें ठिकाण अनिश्चितच राहिलें. पृथ्वीवरून सोडलेला लेझर-किरणांचा झोत चंद्रावर सुमारें दोनच किलोमीटर रुंद पडतो; शोध मात्र खऱ्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर चालला होता. दुर्बिणीचा नेम अचूक, पण लक्ष्यच चुकलेलें! २०१० च्या मार्चमध्यें चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानाच्या छायाचित्रांत गाडी आढळली. २२ एप्रिल रोजीं न्यू मेक्सिकोंतील अपाचे पॉइंट वेधशाळेची गणकयंत्रानें वळणारी दुर्बीण त्या जागीं रोखण्यांत आली. अडीच सेकंदांत आरशाचें उत्तर आलें. यंत्राच्या नेमालाहि खऱ्या नकाशाचा आधार लागतो.