टूरिंग बाइकच्या इंजिनाची गरमी पायापर्यंत का येते आणि ती कमी कशी करायची?

उन्हाळ्यात लांब पल्ल्यावर बाइक चालवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: "हायवेला काही वाटत नाही, पण गाडी हळू झाली की मांड्या भाजतात." पुण्याहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी, परंडा करत सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्याला हे चांगलंच ठाऊक असेल. यात्रा चैत्रातली. पारा चाळिशीकडे गेलेला. महामार्गावर गाडी मजेत पळते आणि शेवटच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायला लागते. चटके बसतात ते तिथे.

इंजिन गरम होणारच, तो दोष नाही. गरम हवा नेमकी कुठून येते आणि कुठे जाते हे शोधलं की बहुतेक उपाय आपोआप सुचतात.

किती उष्णता तयार होते?

समजा, गाडी ताशी ९० किमीने चालली आहे आणि लिटरला ३० किमी देते. म्हणजे तासाला ३ लिटर पेट्रोल. एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. यातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश चाकापर्यंत पोचते. उरलेली १८ ते २० किलोवॅट उष्णता सायलेन्सरमधून आणि इंजिनाभोवतीच्या हवेत बाहेर पडते. घरातल्या १००० वॅटच्या १८-२० इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखं हे आहे.

वेगात वारा ही उष्णता मागे ओढून नेतो. गर्दीत इंजिन खूपच कमी उष्णता तयार करतं, पण ती नेणारा वाराच नसतो. म्हणून तीच हवा वर चढते आणि पायाला लागते.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची?

- हवेवर थंड होणारी: २०१६ साली आलेली ४११ सीसीची हिमालयन या गटातली, सोबत ऑइल कूलरही. इथे सिलिंडरच्या पंखांमधून उष्णता चारी बाजूंना पसरते. उभ्या गाडीत तिला वाट मिळत नाही.
- कूलंटवर थंड होणारी: चाकणला तयार होणारी डॉमिनार ४०० किंवा नवी हिमालयन ४५० या गटातल्या. कूलंट तापलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवेचा झोत मागे फेकतो. झोत बाजूला वळवला गेला नाही तर थेट नडगीवर येतो. पंखा सुरू होणं म्हणजे बिघाड नव्हे, पंखा आपलं काम करतोय.

शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर महत्त्वाचा झाला. तो तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून अनेक गाड्यांत तो इंजिनाच्या जवळ बसवतात, आणि आपला पाय तिथून फार लांब नसतो.

आधी तपासणी, मग खर्च

१. कूलंटची पातळी गाडी थंड असताना बघा. कमी असेल तर गळती शोधा.
२. रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे, पाचोळा अडकला असेल तर हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पंख वाकतात.
३. गाडी उभी ठेवून इंजिन तापू द्या. पंखा सुरू होतो का?
४. इंजिन ऑइलची पातळी आणि मुदत बघा.
५. चेन फार ताणलेली किंवा ब्रेक धरून बसलेला असेल तर इंजिनाला फुकटचा जोर लागतो.
६. सायलेन्सरच्या जोडातून फटफट आवाज किंवा काजळी दिसली तर तिथून गरम वायू गळतोय.
७. हीट शील्डचा स्क्रू किंवा साइड पॅनेलचा रबर पडलाय का? एवढ्याशा फटीतूनही झळ येते.
८. लेग गार्डला बांधलेली बॅग किंवा जादा दिवे रेडिएटरची हवा अडवत नाहीत ना?

झळ अडवण्याचे उपाय

टाकीखाली आणि साइड पॅनेलच्या आतून उष्णता परतवणारी ॲल्युमिनियम-फायबरग्लासची चिकट शीट लावता येते. चकचकीत बाजू इंजिनाकडे ठेवा. शीट आणि गरम भागात हवेची थोडी जागा ठेवा. चिकटलेल्या दोन वस्तूंत उष्णता सरळ पुढे सरकते. वायरिंग, टाकीची हवेची नळी आणि रेडिएटरची बाहेर जाणारी वाट झाकू नका.

सायलेन्सरच्या पाइपला पट्टी गुंडाळल्यावर झळ कमी होते खरी. पण पट्टीत पावसाचं पाणी आणि घाण अडकते, त्यामुळे साध्या स्टीलचा पाइप गंजतो. तिच्यावर ऑइल सांडलं तर पेट घेण्याचा धोकाही असतो. तुलनेत जाळीदार हीट गार्ड बरा.

हे करू नका

- थर्मोस्टॅट काढून टाकणं. इंजिन योग्य तापमानावर टिकत नाही.
- कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरणं. मराठवाड्यातल्या क्षारयुक्त पाण्याने आत खपली धरते.
- गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडणं. उकळतं पाणी अंगावर उडतं.
- तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं.
- कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं. प्रदूषण वाढतं आणि नियमही मोडतो.

चालवताना आणि अंगावर

गर्दीत मिनिटभर थांबावं लागणार असेल तर इंजिन बंद करा. क्लच दाबून रेस देत राहू नका. लांबचा टप्पा पहाटे काढा.

हवा त्वचेपेक्षा गरम असेल, म्हणजे ३५ अंशांच्या पुढे, तर वारा गार करत नाही, उलट तापवतो. तेव्हा गारवा मिळतो तो फक्त घाम वाळण्यातून. म्हणून उघड्या हातांपेक्षा पूर्ण बाह्यांचं जाळीचं जॅकेट आणि आत ओला सुती टी-शर्ट बरा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, कोकणाच्या दमट हवेत तेवढी नाही. खाली हाफ पँट नको, जाड रायडिंग पँट आणि घोट्यावरचे बूट हवेत. सुमारे ४५ अंशांची उष्णताही तासन्‌तास एकाच जागी लागली तर कातडी भाजू शकते.

तहान लागण्याची वाट न बघता पाणी, ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक घेत राहा. डोकं गरगरलं, मळमळलं तर लगेच सावलीत थांबा. बोलणं विसंगत झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. अशा वेळी "पुढचं गाव जवळच आहे" म्हणून गाडी पुढे दामटू नका.