स्क्रोल सॉ : लाकडी पझल, चेहरे आणि मराठी पाट्या

बेळगाव : दारावरची लाकडी नावाची पाटी, मुलांचं लाकडी पझल आणि प्लायवूडमधून कोरून काढलेला माणसाचा चेहरा या तिन्ही वस्तू एकाच यंत्रावर होतात. त्या यंत्राचं नाव स्क्रोल सॉ. बाजारात जाऊन नुसतं 'जिगसॉ' मागितलंत तर दुकानदार हातात धरायचं, इस्त्रीएवढं यंत्र पुढे ठेवतो. फर्निचरवाले ओट्यात सिंकची जागा कापायला वापरतात ते. मीही पहिल्यांदा तेच घेऊन घरी आलो होतो. आठवडाभर त्याच्यावर नाव कापायचा प्रयत्न केला आणि शेवटी ते एका सुतारमित्राला देऊन टाकलं.

स्क्रोल सॉमध्ये यंत्र जागेवर असतं आणि लाकूड फिरतं. एका छोट्या टेबलाच्या भोकातून केसासारखं बारीक पातं उभं जातं, वर-खाली दोन हातांमध्ये ताणलेलं असतं आणि शिवणयंत्राच्या सुईसारखं वर-खाली होतं. मिनिटाला साधारण 400 ते 1600 फेरे, वेग कमी-जास्त करता येतो. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर म्हणजे यंत्राची खोली. 16 इंची यंत्र म्हणजे ही खोली 16 इंच. त्याहून मोठं लाकूड त्यात पूर्ण फिरत नाही, मागे खांबाला जाऊन अडतं.

विजेचं यंत्र घेण्याआधी हाताची करवत वापरून बघायला हरकत नाही. सोनार ज्या धनुष्यासारख्या करवतीने पत्रा कापतात, तिचाच खोल कमानीचा भाऊ लाकडासाठी मिळतो. म्हैसूरच्या शिसवी जडावकामातले नाजूक तुकडे अशाच बारीक करवतीने कापायची रीत आहे. हाताच्या करवतीला पातं लावताना दात खाली, मुठीकडे ठेवायचे. कापणं ओढताना होतं, ढकलताना नाही.

पात्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवशिक्यांचे पैसे इथेच जातात. पाती दोन तऱ्हेची असतात. टोकाला आडवी पिन असलेली, आणि बिनपिनेची, सपाट टोकाची. पिनेचं पातं लावायला सोपं, पण पिन आत जाण्याएवढं मोठं भोक पाडावं लागतं. चेहऱ्यातली बारीक कामं त्यामुळे होतच नाहीत. म्हणून यंत्र घेताना एकच प्रश्न विचारा : सपाट पातं बसतं का? नाही म्हणाला तर दुकानातून बाहेर पडा. सपाट पाती 5 इंच लांब असतात आणि नंबराने ओळखली जातात. 5 नंबरचं पातं साधारण एक मिलिमीटर रुंद असतं. 2/0, म्हणजे 'डबल झिरो', अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पझलला हे बारीक पातं लागतं, कारण पातं जेवढं लाकूड खातं तेवढा दोन तुकड्यांमध्ये ढिलेपणा राहतो.

पातं ताणल्यावर बोटाने छेडून बघायचं. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. थबथब आवाज आला तर वळणावर पातं पोटात फुगतं आणि काप तिरका जातो. आणि लाकूड ढकलायचं नाही. मी पाती मोडत होतो तेव्हा तो सुतारमित्र शेजारी उभा राहून म्हणाला होता, "दाबूलालास कशाला? ते खाईल तेवढंच दे." बहुतेक पाती सरळ रेषेतही किंचित एका बाजूला ओढतात. बनवताना दाताच्या एका अंगाला राहिलेल्या कडेमुळे तसं होतं. लाकूड जरा तिरकं धरायची सवय लागते, यंत्र बिघडलेलं नसतं.

पझल : सीमा कापण्यापासून सुरुवात

सीमाभागातल्या वाचकाला गंमत वाटेल, पण पझलचा इतिहास सीमारेषेपासूनच सुरू होतो. 1760 च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने युरोपचा नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला आणि देशांच्या हद्दींवरून करवत फिरवली. मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकावा हा हेतू. 'जिगसॉ' हे नाव पुष्कळ नंतरचं. 1908-09 मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांना लाकडी पझलचं वेड लागलं होतं. 1930 च्या दशकात साच्याने कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त पझल आली आणि लाकूड मागे पडलं.

घरी पझल करायचं तर 4 ते 6 मिलिमीटरचं, आत पोकळी नसलेलं प्लायवूड घ्या. नेहमीच्या स्वस्त प्लायला मधल्या थरात भोकं असतात. बाहेरून दिसत नाहीत, आणि नेमकी तुकड्याच्या मानेत येतात. बर्च प्लाय महाग आहे, पण पझलला तेच बरं. चित्र पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून चिकटवायचं, वजनाखाली एक रात्र ठेवायचं. कापताना आधी मोठ्या पट्ट्या, मग पट्टीतून तुकडे.

त्याआधी टेबल काटकोनात आहे का ते बघा. जाड लाकडाच्या तुकड्यात समोरून थोडासा काप द्यायचा, तुकडा फिरवून तोच काप पात्याच्या पाठीमागून सरकवायचा. पातं खाचेत अलगद शिरलं तर टेबल बरोबर. अडलं तर तिरकं. तिरक्या टेबलावर कापलेलं पझल वरून बसतं पण खालून निघत नाही, किंवा उलट. शंभर तुकडे कापून झाल्यावर हे कळणं म्हणजे काय, ते मला विचारा.

चेहरा

फोटोवरून चेहरा कापताना फोटो आधी नुसत्या काळ्या-पांढऱ्यात आणायचा, मधला राखाडी रंग ठेवायचा नाही. हे मोबाईलवरही होतं. मग पांढरे भाग कापून काढायचे, काळे ठेवायचे, आणि मागून वेगळ्या रंगाचा पुठ्ठा किंवा फळी लावायची. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की प्रत्येक काळा भाग दुसऱ्या काळ्या भागाला कुठेतरी जोडलेला हवा. चारही बाजूंनी पांढऱ्याने वेढलेला काळा ठिपका कापताक्षणी खाली पडतो.

माझ्या वडिलांचा फोटो मी असाच कापला होता. टोपी, चष्मा, मिशी सगळं जमलं. डाव्या डोळ्याची बाहुली मात्र पांढऱ्यात एकटी होती, आणि नक्षी काढताना ते माझ्या लक्षात आलं नाही. ती भुशात पडली. रात्री अकरा वाजता मी भुसा चाळणीने चाळत बसलो होतो. सापडली, गोंदाने लावलीही, पण नजर फिरली. वडील कुणा दुसऱ्याचेच वडील दिसायला लागले. दुसऱ्या वेळी बाहुली वरच्या पापणीला जोडून काढली, दोन मिलिमीटरचा पूल ठेवून. तो पूल सावलीसारखा दिसतो, कुणाला खटकत नाही. नक्षी काढल्यावर प्रत्येक काळ्या भागावर बोट ठेवून कडेपर्यंत जाता येतं का ते बघायचं. तेवढं केलं की पुरे.

प्रत्येक पांढऱ्या भागात मिलिमीटरभर भोक पाडायचं, पातं एका टोकाने सोडून भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, कापायचं, पुन्हा सोडायचं. आधी मधले आणि बारीक भाग, मग बाहेरचे आणि मोठे, म्हणजे शेवटपर्यंत फळीत जीव राहतो. साठ भोकं असतील आणि ओवायला एक मिनिट धरलं, तर तासभर नुसतं ओवण्यातच जातो. मी बी.कॉम. माणूस, हा हिशेब मी आधी करतो. कागदावर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली की लाकूड कमी जळतं.

मराठी अक्षरं

इथे आपल्या लिपीचा फायदा आहे. इंग्रजी किंवा कन्नड नाव कापलं की अक्षरं सुटी होतात, एकेक करून फळीवर लावावी लागतात. मराठी नाव शिरोरेषेला लटकलेलं असतं, अख्खं एका तुकड्यात निघतं. दोन भाषांची पाटी करणाऱ्यांनी हे धरूनच लाकूड घ्यावं.

पण दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं अनुस्वार. सावंत, शिंदे यांचा ठिपका शिरोरेषेला टेकलेला नसतो. तो खाली आणून रेषेला चिकटवावा, किंवा वेगळा कापून पाटीवर लावावा. दुसरं ध आणि भ. या दोन अक्षरांवर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते. नावाच्या सुरुवातीला असतील तर बिघडत नाही, भोसले एकसंध राहतात. माधव आणि सुभाष यांचे मात्र दोन तुकडे होतात. तिथे ध-भ ची गाठ आधीच्या अक्षराच्या रेषेला मुद्दाम टेकवायची. व, ब, प, म यांच्या पोटातली जागा बंद असते, तिथे भोक पाडून आतून कापायचं.

सावंतवाडीची चितारआळी आपल्यापासून आंबोली घाट उतरला की आहे, पण तिथली लाकडी फळं-खेळणी वेगळ्या हाताची, पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची. मराठी मुळाक्षरांचं चांगलं लाकडी पझल मला आमच्या बाजारात शोधून मिळालं नाही. माझ्या भाच्याची शाळा इंग्रजी माध्यमाची. त्याच्यासाठी मीच कापलं.

विकायचं असेल तर लेझरशी गाठ आहे. सारख्या पन्नास पाट्या लेझर स्वस्तात काढतो, तिथे स्पर्धा करू नये. त्याची कड जळकी काळी असते, करवतीची स्वच्छ राहते. एकच चेहरा, एकच नाव, जाड सागवान असं काम आपलं. खेळणी विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे, ती नोंद करून घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तुकडे मोठे हवेत. 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळीत पूर्ण मावणारा तुकडा त्यांच्यासाठी चालत नाही.

शेवटी भुसा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते, आणि एमडीएफची धूळ तर पिठासारखी उडते. नाका-तोंडावर रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क लागतो. मी यंत्र घरातून काढून मागच्या पडवीत ठेवलं आहे. पावसाळ्यात पात्यांना गंज चढतो, म्हणून ती तेलाचं बोट लावून डब्यात.