हस्ताक्षरसदृश टंक : लक्षण आणि क्षेत्र

एकाच घडणीच्या अक्षरांचा, अंकांचा व चिन्हांचा जो संच, त्यास टंक म्हणावे. व्यवहारात त्यालाच फॉन्ट म्हणतात. ज्या टंकातील घडण सहज हाताने लिहिल्याचा भास उत्पन्न करते, तो हस्ताक्षरसदृश टंक. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा देवनागरीतील त्याचा परिचित नमुना होय.

ज्या हस्तलेखनाचे हे अनुकरण, ते द्विविध असते : (१) ग्रंथलेखन, ज्यात अक्षर घोटून व मापात लिहिले जाते, (२) सहजलेखन, ज्यात गतीला प्राधान्य असते, उदाहरणार्थ टिपण, पत्र, यादी. अंबाजोगाई येथील संतकवी दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी पहिल्या प्रकारची. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या वस्त्रावर त्यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तपर ग्रंथ लिहिला. कागदावर चूक झाल्यास पान बदलता येते. सलग वस्त्रावर ती सोय नसल्याने ओळींची आखणी आधीच निश्चित असावी लागते. म्हणून हाताने लिहिलेले असणे आणि अनौपचारिक असणे ही दोन भिन्न लक्षणे ठरतात. प्रस्तुत टंक अनुकरण करतो ते केवळ दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे गतीच्या खुणांचे : झुकाव, गोलावलेली टोके, उणीअधिक उंची.

या अनुकरणास दोन मर्यादा आहेत. पहिली पुनरावृत्तीची. हाताने लिहिलेले दोन ‘क’ कधीच तंतोतंत सारखे नसतात. टंकात सामान्यतः तोच ‘क’ पुन्हा येतो. चार शब्दांत हे लक्षात येत नाही, चार परिच्छेदांत भास मोडतो. दुसरी मर्यादा शिरोरेषेची, आणि ती अधिक गंभीर आहे. टंकातील प्रत्येक अक्षर रेषेचा आपला तुकडा घेऊन येते. शेजारच्या तुकड्याशी तो समान उंचीवर जुळला नाही तर शब्द तुटतो. त्यामुळे हाताची चंचलता येथे फारशी उतरवता येत नाही. रेषाच गाळली तर ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांचा भेद डाव्या खांद्याच्या लहानशा वळणावर अवलंबून राहतो. लहान आकारात ते वळण बुजते.

यावरून उपयोगाचा नियम निघतो. हा टंक ‘एका व्यक्तीने हे लिहिले’ असे सूचित करतो. जेथे मजकूर अल्प आहे आणि ही सूचना यथार्थ आहे, तेथेच तो योग्य. घरगुती निमंत्रण, शुभेच्छापत्र, चित्रकथेतील संवाद, लोणच्याच्या बरणीवरील चिठ्ठी ही त्याची क्षेत्रे. दुकानाच्या पाटीविषयी मात्र मतभेद संभवतो. गावात पाटी रंगवणारा पेंटर उपलब्ध असताना अनुकरणाचे प्रयोजन उरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जेथे संस्था बोलते तेथे हा टंक अप्रशस्त होय : न्यायालयाची नोटीस, अंबाजोगाईच्या योगेश्वरी मंदिरातील दर्शनवेळांचा फलक, पासोडीचा परिचय देणारी पट्टी. तेथीलच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या स्थळी औषधाचे नाव, मात्रा व वेळ यांसाठी तर तो सर्वथा वर्ज्य मानावा.