बुरशीच्या विटा : उंची तेरा मीटर, आयुष्य एक उन्हाळा

१/ बांधकामाच्या इतिहासात बुरशीची नोंद आढळते ती शत्रू म्हणून. १८१० साली जलावतरण झालेली ‘क्वीन शार्लट’ ही ब्रिटिश युद्धनौका सागरी सेवेत रुजू होण्यापूर्वीच आतून कुजली. तिच्या तपासणीसाठी वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स सॉवरबी यांना पाचारण करावे लागले.

२/ त्याच दशकात मुंबईच्या गोदीत वाडिया घराणे सागवानी नौका बांधीत होते. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. तेलकट साग बुरशीला सहजी पचत नाही.

३/ पुढे बुरशीचा हाच कुजवण्याचा गुण उपयोगात आला. २००७ मध्ये इबेन बेयर व गॅव्हिन मॅकिन्टायर यांनी अमेरिकेत ‘इकोव्हेटिव्ह’ कंपनी स्थापन केली. मक्याच्या ताटांचा भुसा निर्जंतुक करून त्यात बुरशीचे बीज मिसळायचे आणि तो साच्यात भरायचा. काही दिवसांत बुरशीचे तंतू भुशाचा कण न् कण बांधून टाकतात. मग उष्णता देऊन बुरशी मारायची. हे मारणे महत्त्वाचे, अन्यथा ती स्वतःच घडवलेली वीट खात सुटते!

४/ २०१४ च्या उन्हाळ्यात वास्तुरचनाकार डेव्हिड बेंजामिन यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा सुमारे १०,००० विटांचा ‘हाय-फाय’ मनोरा उभारला. उंची सुमारे १३ मीटर.

५/ ताकदीचे काय? अशा विटेची दाब सोसण्याची क्षमता बहुधा १ मेगापास्कलच्याही आत असते. साध्या भाजलेल्या विटेकडून भारतीय मानक किमान ३.५ ची अपेक्षा करते. मनोरा उभा राहिला तो वीट बळकट होती म्हणून नव्हे, हलकी होती म्हणून. स्वतःचे वजनच कमी, तेव्हा तळाच्या थरावर भारही कमी.

६/ २०१७ मध्ये सोलच्या प्रदर्शनात डर्क हेबेल व फिलिप ब्लॉक यांच्या चमूने ‘मायकोट्री’ हा वृक्षाकार सांगाडा मांडला. प्रत्येक फांदीवर केवळ दाब यावा, ताण येऊ नये, असा त्याचा आकार होता. दगडी कमानीची ही जुनीच युक्ती. द्रव्याचा दुबळेपणा भूमितीने भरून काढला.

७/ टिकाऊपणाची बाजू मात्र लंगडी आहे. हे द्रव्य पाणी शोषते आणि ओल धरली की नव्या बुरशीला आमंत्रणच मिळते. म्हणूनच आज त्याचा रास्त उपयोग वेष्टनासाठी आणि भिंतीआडच्या उष्णतारोधक थरासाठी होतो. ‘हाय-फाय’चा दाखला येथे चालत नाही. तो मनोरा कोसळला नाही, ठरल्याप्रमाणे उतरवला गेला आणि त्याच्या विटांचे खत झाले.