जुना घाट, नवे पोलाद

तिकिटे जमविणारे, नाणी जमविणारे लोक आपण पाहतो. चाकू जमविणारेही असतात, आणि त्यांचे वेड काही कमी नव्हे. खिशात मिटून ठेवावयाचा चाकू. त्याचा घाट आजोबा-पणजोबांच्या काळचा, पण पाते चूर्ण-पोलादाचे आणि मूठ कार्बनच्या धाग्यांची. असा एखादा नग अमुक कारागीर घडविणार आहे अशी वार्ता कानी आली की ही मंडळी आगाऊ पैसे भरतात आणि महिनोन् महिने वाट पाहतात. चूर्ण-पोलाद म्हणजे वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने बारीक चुरा करावयाचा आणि तो उष्णता व दाब देऊन पुन्हा एकजीव करावयाचा. त्यामुळे त्यातील कठीण कण बारीक व सारखे विखुरलेले राहतात आणि धार फार दिवस टिकते.

या वाट पाहण्याची आम्ही थट्टा करणार नाही. हाताने घडविलेल्या वस्तूसाठी जो थांबावयास तयार आहे तो कारागिराचा मित्रच होय. परंतु आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली; जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांत आणि संपाच्या दिवसांत. त्यामुळे कोणतीही सुरेख वस्तू हाती आली की ही घडविली कोणी आणि त्याच्या पदरी काय पडले, हा प्रश्न आम्हांला आधी सुचतो. आज तोच प्रश्न घेऊन या चाकूकडे पाहू.

जुन्या घाटाला नवे पोलाद, ही गोष्ट परदेशात जाऊन शोधण्याचे कारण नाही. डिंभ्याच्या धरणावरून भीमाशंकरकडे जाताना तळेघर लागते. त्या भागातील महादेव कोळी शेतकऱ्याचा खरा सोबती म्हणजे कोयता. राबासाठी टहाळे तोडावयाचे, वेळू तासावयाचा, सरपण फोडावयाचे, हिरड्याच्या झाडावर चढताना आडवी येणारी फांदी उडवावयाची, सारे त्यानेच. त्याचा वाक, त्याचे वजन, मुठीकडची निमुळती बाजू पिढ्यान् पिढ्या तीच आहे. मात्र लोखंड? ते मोटारीच्या तुटक्या कमानपाट्याचे! रस्ते झाले, मालमोटारी आल्या, त्यांचे पाटे मोडले, ते भंगारात गेले आणि तेथून लोहाराच्या भट्टीत आले. या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. जोडीला सिलिकॉन, मॅंगनीज किंवा क्रोमियम. हजारो धक्के खाऊन पुन्हा सरळ व्हावे म्हणूनच ते बनविलेले. कोयत्याला याहून अधिक काय हवे? लोहाराने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. त्याने पाटा तापविला, घण घातला, वाकवून पाहिला आणि ओळखले. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून तो वेळ साधतो आणि धारेच्या बाजूलाच पाणी देतो. पाठ मऊ राहते म्हणून घाव सोसते. धार कडक होते म्हणून टिकते.

येथेही लोक वाट पाहतात. कामाचे दिवस तोंडावर आले की लोहाराच्या दारी गर्दी होते. उन्हाळ्यात घिसाडी पाल ठोकतो. त्याची बायको घण मारते, तो सांडशीत लोखंड धरून फिरवितो. या घण मारणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही संग्राहकाच्या वहीत आम्ही वाचलेले नाही. पूर्वी गावच्या लोहाराला बलुते मिळे. सुगीला धान्य त्याच्या घरी जाई. त्यात मान थोडा होता, परावलंबन पुष्कळ होते. बलुते गेले आणि रोकड आली, तेव्हा कोयत्याची किंमत बाजारातल्या कारखानी कोयत्याशी ताडून होऊ लागली.

आणि मागे जाऊ. मराठ्यांच्या तलवारींत फिरंग नावाचा प्रकार आहे. नावातच सारे आले. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज आणि इतर व्यापारी युरोपातील पाती आपल्या किनाऱ्यावर उतरवीत. आपले कारागीर त्यांस आपली मूठ बसवीत. हाताचे रक्षण करणारी रुंद मूठ आपली, लांब सरळ पाते परक्याचे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली जगदंबा तलवार आजही इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिचेही पाते युरोपी बनावटीचे आहे. म्हणून तिला मराठी तलवार म्हणावयास कोणी कचरतो काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहावेत. पितळेच्या नक्षीदार अंगाला पोलादी पाते. ज्याला जे लोखंड मिळाले ते त्याने वापरले. ‘अस्सल जुने’ म्हणून ज्याचा आग्रह धरला जातो ते आपल्या काळी नवेच होते.

आता मिटत्या चाकूकडे वळू. फ्रान्सच्या दक्षिण भागात लायोल नावाचे लहानसे गाव आहे, डोंगरपठारावरचे, गुरांचे. तेथे १८२९ च्या सुमारास झाँ-पिएर कालमेल्स या कारागिराने गुराख्यांच्या उपयोगाचा मिटता चाकू घडविला. मूठ गुरांच्या शिंगाची. १८८० मध्ये त्याला बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रू जोडला गेला. पुढे धंदा तिएर या मोठ्या चाकू-शहराकडे सरकला आणि गावातील भट्ट्या विझल्या. १९८७ साली गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. फिलिप स्तार्क या नामांकित आकृतिकाराने त्याची इमारत आखली आणि छपरावर १८ मीटर उंच पाते उभारले. शिंगाच्या जोडीला कार्बनधाग्यांची मूठ, साध्या पोलादाच्या जोडीला नवे पोलाद आले. जगभरचे हौशी लोक रांगेत उभे राहिले.

परंतु नाव कोणाचे? १९९३ मध्ये गावाशी काडीचा संबंध नसलेल्या एका व्यापाऱ्याने ‘लायोल’ हे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. बाहेरून आणलेल्या मालावर ते झळकू लागले. गाव न्यायालयात गेले आणि २०१२ साली पॅरिसमध्ये हरले. तेव्हा गावकऱ्यांनी वेशीवरची आपल्या गावाची पाटीच निषेध म्हणून उतरविली. आमच्या मते असला संप फार थोड्यांनी केला असेल! २०१९ साली वरच्या न्यायालयाने त्यांतील बऱ्याच नोंदण्या रद्द केल्या. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एका गावाला आपल्याच नावासाठी भांडावे लागले.

आपल्या देशात रामपूरचा चाकू असाच नावाजला. हिंदी चित्रपटांनी तो खलनायकाच्या हाती दिला आणि कारागिराच्या दारी पोलीस आणला. १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंधन आले, धंदा आटला. २०२३ मध्ये शहराच्या चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. लायोलला छपरावर, रामपूरला चौकात. पाते मोठे होत गेले खरे.

नावाइतकीच मोठी गोष्ट छातीची. इंग्लंडचे शेफील्ड शहर चाकूंसाठी साऱ्या जगात प्रसिद्ध होते. तेथे दगडी चाकावर कोरडी धार लावणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगड-लोखंडाची धूळ जाई. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात तेथील डॉक्टर नाइट यांच्या आधारे लिहिले आहे की, कोरड्या चाकावरचा कामगार पस्तिशी क्वचितच गाठतो, ओल्या चाकावरचा पंचेचाळिशी. धूळ ओढून नेण्याची साधने निघाली होती, परंतु कित्येक कामगारांनीच ती नाकारली, क्वचित मोडलीही. माणसे अधिक जगू लागली तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती! मजुरी टिकावी म्हणून माणूस स्वतःचे आयुष्य आखडून घेतो, इतकी ती मजुरी काठावरची होती. याला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ भेटले. आम्हांला तो हिशेब वाटतो, आणि तो त्यांच्यावर कोणी लादला हेही दिसते. आज कार्बनधाग्यांची मूठ घासताना जी काळी भुकटी उडते तीही छातीला घातकच आहे. वाट पाहणाऱ्या संग्राहकाने पोलादाचा अंक विचारावा, तसेच घासणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टी आहे की नाही हेही विचारावे.

कारागीर एकेकटा असला की नावही जाते आणि छातीही. तो नेहमीच एकेकटा नव्हता. जुन्नरच्या लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे धंद्याचा संघ. दान देणारा आपली ठेव त्यांच्याकडे ठेवी, आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चाले. म्हणजे त्या काळी डोंगराखालच्या कारागिरांची पत अशी होती की लोक त्यांच्याकडे पैसा ठेवीत. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहार त्यांत आहे. विनातारण कर्ज आहे, प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपये आहेत. आम्ही या भागातील लोहारांना अर्ज जरूर करा असे सांगतो. अर्ज मात्र एकेकट्याचा आहे, श्रेणीचा नाही.