सशाच्या मूत्रपिंडाचे विकार: चाहूल आणि काळजी

ससा आजार लपवितो. निसर्गात तो शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असल्याने अशक्तपणा उघड करणे त्याला परवडत नाही. हीच प्रवृत्ती घरात पाळलेल्या सशातही टिकून असते. त्यामुळे मूत्रपिंड निकामी होऊ लागले तरी तो बराच काळ खातो, पितो आणि वरकरणी ठणठणीत दिसतो. रक्त तपासणीत दोष स्पष्ट होईपर्यंत मूत्रपिंडाची निम्म्याहून अधिक क्षमता गेलेली असू शकते. गेलेली क्षमता परत येत नाही. मात्र विकार वेळेवर ओळखला तर उरलेली जपता येते.

लघवीच्या रंगाने फसू नका

बहुतेक सस्तन प्राणी आहारातून गरजेपुरतेच कॅल्शियम शोषतात. सशाचे तसे नाही. आहारात जितके कॅल्शियम अधिक, तितके तो अधिक शोषतो आणि नको असलेले लघवीवाटे बाहेर टाकतो. इतर सस्तन प्राण्यांत लघवीवाटे जाणाऱ्या कॅल्शियमचे प्रमाण साधारण २ टक्क्यांहून कमी असते. सशात ते ४५ ते ६० टक्के असते. म्हणूनच निरोगी सशाची लघवी गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरा थर उरतो. वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे ती कधी नारिंगी किंवा तांबूसही दिसते. सगळी लघवी एकसारखी तांबूस असेल तर कारण बहुधा रंगद्रव्य असते. लाल ठिपके किंवा गुठळ्या दिसल्यास रक्ताची शंका घ्यावी. पशुवैद्यकाकडील साध्या पट्टी-चाचणीने हा फरक कळतो.

लघवी लापशीसारखी घट्ट होणे, ती करताना ससा कुंथणे ही मूत्राशयात गाळ किंवा खडा साचल्याची लक्षणे आहेत. याउलट, मोठ्या सशाची लघवी सतत पाण्यासारखी स्वच्छ असेल आणि तहानही वाढली असेल, तर निर्धास्त राहू नये. मूत्रपिंडाला कॅल्शियम बाहेर टाकणे जमेनासे झाल्याची ती खूण असू शकते. वाढत्या वयाच्या किंवा गाभण मादीच्या लघवीत मात्र गढूळपणा कमी असणे स्वाभाविक आहे.

लक्षणे कोणती?

ससा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० ते ३०० मिलिलिटर पाणी लागते. हिरवा पाला भरपूर असेल तर तो कमी पितो, उन्हाळ्यात जास्त. म्हणून तक्त्यातील आकड्यापेक्षा आपल्या सशाच्या नेहमीच्या सवयीत झालेला बदल महत्त्वाचा. वाढलेली तहान, वारंवार लघवी, घटते वजन, मंदावलेली भूक, सुस्ती, मागच्या पायांवरील केस ओले राहून कातडी लाल होणे, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्यास तपासणी लांबवू नये.

कारणे

वाढते वय, मूत्रपिंडातील किंवा मूत्रवाहिनीतील खडे, शरीरातील पाणी कमी होणे, काही औषधांचा दुष्परिणाम आणि गाठी ही प्रमुख कारणे आहेत. याखेरीज सशांत विशेषत्वाने आढळणारे कारण म्हणजे 'एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली' हा सूक्ष्म परजीवी. पाय लुळे पडलेल्या सशांत त्याची नोंद प्रथम १९२२ मध्ये झाली. बाधित सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू पसरतात. तो मूत्रपिंड, मेंदू आणि डोळे यांवर आघात करतो. त्यामुळे मान एका बाजूला कलणे, तोल जाणे अशीही लक्षणे दिसतात. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसांनाही त्याचा संसर्ग होऊ शकतो. अशा व्यक्तींनी सशाचा पिंजरा स्वतः साफ करू नये.

तपासणी व उपचार

रक्तातील युरिया, क्रिएटिनिन, कॅल्शियम व फॉस्फरस, लघवीची घनता, एक्स-रे आणि सोनोग्राफी यांवरून निदान होते. केवळ पाणी कमी पडल्यानेही युरिया वाढतो. त्यामुळे सलाइन दिल्यानंतर पुन्हा तपासणी करणे इष्ट. परजीवीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली तर संसर्ग झाला होता एवढेच कळते. आजाराचे कारण तोच आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उपचारांचा मुख्य आधार सलाइन. जुनाट विकारात ते कातडीखाली देण्याची पद्धत पशुवैद्यक मालकालाही शिकवितात. परजीवीचा संशय असल्यास फेनबेंडाझोल हे औषध सहसा २८ दिवस दिले जाते. माणसांची वेदनाशामके सशाला कधीही देऊ नयेत. पशुवैद्यकाने दिलेलेही त्यांच्याच देखरेखीखाली द्यावे. सशाला उपाशी ठेवणे तर सर्वांत घातक. आतड्यांची हालचाल थांबली की मूळ विकारापेक्षा तीच जिवावर बेतते. बारा तास काही खाल्ले नसेल तर ती तातडीची वेळ समजावी.

आहार आणि निगा

वाळलेले गवत हा मुख्य आहार असावा. लसूणघासात कॅल्शियम अधिक असते. पिलांना तो चालतो, पण मोठ्या सशाला रोज देऊ नये. हरभरे, पाव, बिस्किटे टाळावीत. मात्र कॅल्शियम पूर्णपणे तोडणेही चुकीचे आहे, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि हाडांनाही ते लागते. नळीच्या बाटलीपेक्षा पसरट वाडग्यातून ससा अधिक पाणी पितो. दोन्ही ठेवल्यास उत्तम. पाणी कधीही तोडू नये. तापमान ३० अंशांपलीकडे जाते तेव्हा पिंजरा बंदिस्त गॅलरीत न ठेवता गार, हवेशीर जागी हलवावा. नवा ससा आणल्यास काही आठवडे वेगळा ठेवावा.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर सशाचे वजन करावे, वाडग्यात मोजून पाणी घालावे आणि दोन्ही नोंदी वहीत ठेवाव्यात. पशुवैद्यकाकडे जाताना ही वही आणि लघवीचा ताजा नमुना सोबत न्यावा. आपले दुखणे सांगू न शकणाऱ्या या प्राण्याच्या निदानाला त्याची मोठी मदत होते.